कोरड्या मुलखातून एकट्याने

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, नेवाडा अशी जी कोरडी राज्ये आहेत, त्यांतून एकट्याने मोटार हाकीत दिवसचे दिवस जाणे हा तेथील लोकांचा जुना छंद आहे. नेवाडातील ५० क्रमांकाच्या महामार्गाला ‘लाइफ’ मासिकाने १९८६ मध्ये अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले. म्हटले ते निंदेने. परंतु नेवाडाच्या लोकांनी ती निंदाच बिरुदासारखी मिरवली आणि प्रवासी मुद्दाम त्या वाटेने जाऊ लागले.

असा रस्ता आपल्या देशात कोठे आहे असे विचारले, तर कोणीही राजस्थानाकडे बोट दाखवील. पण नोकरीधंद्यानिमित्त जी मराठी कुटुंबे बंगळूरला स्थायिक झाली आहेत, त्यांना इतके दूर जावयास नको. बंगळूरहून तुमकूर, सिरा, हिरियूर, चित्रदुर्ग. तेथे पुण्याची रुळलेली वाट सोडून उत्तरेस होसपेट, इलकल, विजापूर आणि शेवटी सोलापूर: ही सव्वासहाशे किलोमीटरांच्या आसपासची सडक दख्खनच्या सर्वांत कोरड्या पट्ट्यातून जाते. सकाळी निघून रात्री सोलापूर गाठता येते, आणि बहुतेक लोक तसेच करतात. वाचकहो, माझी आपणांस विनंती अशी की एकदा तरी या वाटेला तीन दिवस द्यावे, आणि शक्य असल्यास एकट्याने जावे.

आरंभीच एका शब्दाचा निकाल लावला पाहिजे. अनुवादाचे काम करणाऱ्याला हा शब्द वरचेवर छळतो. अमेरिकेतील त्या प्रदेशाला आपण सवयीने ‘वाळवंट’ म्हणतो. पण तेथे वाळूपेक्षा खडक, काटेरी झुडपे आणि निवडुंगच अधिक. मराठीत वाळवंट म्हणजे मुळात नदीकाठची वाळू. पंढरपूरचे वाळवंट तर माणसांनी ओसंडून वाहते! आपल्या या सडकेवरचा मुलूखही वाळवंट नव्हे. फिनिक्स शहरात वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो, लास व्हेगासला त्याच्या निम्मा. चित्रदुर्ग किंवा विजापूर जिल्ह्यात साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरांच्या घरात पडतो. आपल्याकडे याला माळ म्हणतात. कन्नड लोक ‘बयलुसीमे’, म्हणजे उघड्या मैदानाचा मुलूख, म्हणतात. घाईचा प्रवासी मात्र काचेतून पाहून एकच शब्द उच्चारतो: ओसाड. हा शब्द फार महागात पडणारा आहे. कोणाला, ते वाटेत दिसेलच.

निघण्यापूर्वी पाण्याचे भांडे भरून घ्यावे, आणि ते भरताना हे पाणी कोठले याचा क्षणभर विचार करावा. बंगळूरला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच अशा पठारावर केंपेगौडाने १५३७ मध्ये हे नगर वसविले, ते तलावांच्या भरवशावर. आज घरोघरी येणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर दूरवरून आणि पाचशे मीटरांच्या आसपास वर चढवून आणलेले असते. जेथे ते पोचत नाही तेथे कूपनलिका. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या आटल्या तेव्हा टँकरसाठी रांगा लागल्या, आणि ज्यांनी कधी बादली मोजली नव्हती त्या सोसायट्यांतही पाण्याचे तास ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तेव्हा कोरड्या मुलखाची सुरुवात शहराबाहेर होते असे समजण्याचे कारण नाही.

पहाटे पाचच्या सुमारास नेलमंगल ओलांडले म्हणजे मालमोटारींच्या गर्दीतून सुटका होते. तुमकूरपर्यंत नारळी-सुपारीच्या बागा सोबत करतात. पुढे त्या विरळ होतात, माती तांबडी होते, आणि दोन्ही बाजूंना गोटे रचून ठेवावेत तशा ग्रॅनाइटच्या टेकड्या उभ्या राहतात. त्या टेकड्यांखालचा मूळ खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्यामानाने आपला सह्याद्री कालचा पोर. त्याचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

सिरा हे गाव आज महामार्गाने बाजूला टाकले आहे. १६८७ नंतर मोगलांच्या कर्नाटक सुभ्याचे ते ठाणे होते आणि अठराव्या शतकात मराठ्यांनी ते दोनदा जिंकले. इतिहासप्रेमी वाचकाने तेथील मशीद व मलिक रिहानची कबर पाहून घ्यावी. मला मात्र आपणांस सिऱ्याहून पूर्वेकडे, दीडेक तासाच्या आडवाटेने पावगडला न्यावयाचे आहे.

पावगड तालुका तीन बाजूंनी आंध्र प्रदेशाने वेढलेला. पावसाने पाठ फिरवावी, भुईमूग करपून जावा आणि तरुणांनी बंगळूरला मजुरीस जावे, हा तेथला वर्षानुवर्षांचा क्रम. जे ऊन या तालुक्याचे वैरी होते तेच पुढे त्याचे भांडवल ठरले. पाच गावांच्या मिळून सुमारे १३,००० एकर जमिनीवर सौर पट्ट्या बसविण्यात आल्या आणि २०१९ च्या अखेरीस हा प्रकल्प २,०५० मेगावॅट इतक्या पूर्ण क्षमतेस पोचला. जगातील मोठ्या सौर प्रकल्पांत त्याची गणना होते. टेकडीवरून पाहिले तर जमिनीवर निळसर तळे पसरल्याचा भास होतो. मृगजळच, पण त्यातून वीज निघते.

यातील विशेष गोष्ट अशी की सरकारने ही जमीन विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ, आणि मालकी शेतकऱ्याचीच. ज्या एकराने कधी बियाण्याचा खर्चही परत दिला नव्हता, त्याने निश्चित उत्पन्न द्यावे ही लहानसहान बाब नव्हे, आणि धरणे व कारखान्यांसाठी एकदाच मोबदला घेऊन देशोधडीस लागलेल्या कुटुंबांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या व्यवस्थेचे मोल सांगावयास नको. पण भाडे मिळते ते सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला. भुईमूग काढणीला जाणारी भूमिहीन बाई, दुसऱ्याच्या पडीक रानात मेंढरे चारणारा मेंढपाळ, यांची नावे कोणत्याच कागदावर नव्हती. कुंपण पडले तेव्हा त्यांचा रोजगार कुंपणाच्या आत राहिला आणि ती माणसे बाहेर. योजना चांगली असूनही तिच्या हिशेबात इतकी माणसे गळली, कारण आरंभी कोणीतरी ती जमीन पडीक व ओसाड ठरविली होती.

अमेरिकेतही असेच घडले आहे. न्यू मेक्सिकोच्या ओसाड गणल्या गेलेल्या पट्ट्यात १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. शेजारच्या नावाहो लोकांच्या मुलखात १९४४ ते १९८६ पर्यंत युरेनियम खणले गेले आणि त्याच्या धुळीचे भोग खाणकामगारांच्या कुटुंबांना भोगावे लागले. आपल्याकडे इतके भयंकर काही झाले नाही. पण चित्रदुर्गजवळच्या चळ्ळकेरे तालुक्यात अमृतमहाल जातीच्या गुरांसाठी म्हैसूरच्या राजांनी राखून ठेवलेली कुरणे होती. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस त्यांपैकी सुमारे दहा हजार एकर जमीन संरक्षण, अवकाश व अणुसंशोधन करणाऱ्या संस्थांना देण्यात आली. या संस्थांची देशाला गरज आहे, यात शंका नाही. पण ते गवताळ रान मोकळे नव्हते. त्यावर आसपासच्या गावांची गुरे-मेंढरे चरत होती, माळढोकासारखे पक्षी वावरत होते, आणि त्या मेंढरांच्या लोकरीवर चळ्ळकेऱ्याच्या घोंगड्यांचे माग चालत होते. चिंचोक्याची खळ दिलेली ती काळी घोंगडी आपल्याकडच्या धनगराच्या घोंगडीची सख्खी बहीण आहे.

परत मुख्य सडकेवर यावे. हिरियूरपासून वीसेक किलोमीटरांवर वेदावती नदीवरचे वाणी विलास सागर धरण आहे. १८९८ मध्ये काम सुरू होऊन ते १९०७ मध्ये पुरे झाले. नाव म्हैसूरच्या तत्कालीन राजप्रतिनिधी महाराणींच्या पदवीवरून. धरण बांधले तर खरे, पण नदी त्याला भरू शकेना. १९३३ मध्ये एकदा ते सांडव्यावरून वाहिले आणि त्यानंतर थेट सप्टेंबर २०२२ मध्ये! एकोणनव्वद वर्षे म्हणजे तीन पिढ्या. ज्या आजोबांनी बालपणी सांडवा वाहताना पाहिला, त्यांच्या पणतवंडांनी तो पुन्हा पाहिला. २०२५ च्या जानेवारीत ते पुन्हा भरले. आता भद्रेचे पाणीही त्यात आणून सोडतात.

नदी अशी का रुसते? पश्चिमेकडून येणारे मोसमी ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपले ओझे उतरवितात. आगुंबे येथे वर्षाला सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटरांवर असलेल्या चित्रदुर्गच्या वाट्याला त्याचा बारावा भागही येत नाही. कोल्हापूरचा गगनबावडा आणि सांगलीचा आटपाडी-जत पाहिलेल्या वाचकाला हे निराळे समजावून देण्याची गरज नाही.

पहिला मुक्काम चित्रदुर्गास करावा आणि दुसरा सबंध सकाळ किल्ल्याला द्यावी. हैदरअलीच्या सैनिकांना मुसळाने लोळविणाऱ्या ओबव्वेची खिंड दाखविण्यास वाटाडे तत्पर असतात, तीही पाहावीच. पण मला या किल्ल्यात सर्वांत नवल वाटते ते पाण्याचे. एकामागे एक असे सात तट, आणि आत खडकांच्या बेचक्यांत बांधलेली तळी. वरच्या गोपालस्वामी तळ्यातले पाणी ओसंडले की ते खालच्या ‘अक्क-तंगी’ तळ्यांत, म्हणजे थोरल्या-धाकट्या बहिणींत उतरते, तेथून पुढच्या तळ्यात, आणि शेवटी गडाखालच्या बाजारपेठेतल्या ‘संते होंडा’पर्यंत पोचते. पावसाचा थेंब डोंगरावरून निसटण्याआधी चार ठिकाणी त्याला थांबवून घेतले आहे. १७७९ मध्ये हैदराने हा गड घेतला, त्यापूर्वी त्याला अनेकदा हात हलवीत परतावे लागले होते. तटांइतकेच श्रेय या तळ्यांना द्यावे असे मला वाटते. तहानलेला किल्ला सात तटांनीही टिकत नाही. मराठी वाचकाला आणखी एक आडवाट सांगितली पाहिजे. येथून पश्चिमेस साठ-सत्तर किलोमीटरांवर होदिगेरे हे लहानसे गाव आहे. १६६४ च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजे तेथे निवर्तले. त्यांची समाधी तेथे आहे.

चित्रदुर्गाहून होसपेटपर्यंतचा सुमारे एकशेचाळीस किलोमीटरांचा टप्पा हा या सडकेचा खरा एकाकी भाग. पुण्याकडे जाणारी वर्दळ मागे राहते. चौपदरी रस्ता सरळ, ऊन डोळ्यांवर, आणि गाडीत बोलावयास कोणी नाही. एकट्या चालकाचा शत्रू तहान नव्हे, झोप. दुपारी बारा ते चार गाडी हाकू नये. एखाद्या चिंचेखाली थांबावे. टायरात हवा सकाळी थंड असतानाच पाहून घ्यावी, पिण्याचे पाणी डिकीत न ठेवता हाताशी ठेवावे, आणि अंधार पडल्यावर सडकेवर राहू नये. मागचा दिवा न लावता कडेला उभी केलेली मालमोटार ही या वाटेवरची सर्वांत घातक वस्तू आहे. आडवाटांवर सुगीच्या दिवसांत शेतकरी नाचणी व हुलगा मळणीसाठी डांबरावर पसरतात. नाचणीवरून गाडी नेली तर फारसे बिघडत नाही. हुलग्याचे वेल मात्र चाकांच्या आसात गुंततात आणि तापून पेटण्याची भीती असते. तेव्हा उतरून, हसून, वाट विचारावी. ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘ऊट’ म्हणजे जेवण, ‘दारी’ म्हणजे वाट आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, एवढ्या चार शब्दांवर तीन दिवस निभतात. त्यांतील शेवटचा शब्द ताटावर बसल्यावर लवकर उच्चारावा लागतो. भगिनींनी एकट्याने जावे काय, असे कोणी विचारील. जातात, आणि पुष्कळ जातात. मुक्काम आधी ठरविलेला असावा, घरी कोणाला तरी रोजचा टप्पा ठाऊक असावा, एवढी दक्षता पुरुषांनीही घ्यावयाचीच आहे.

एकट्याने जाण्याचा माझा आग्रह याच टप्प्यासाठी आहे. सोबती असला की बोलणे गाडीत राहते आणि बाहेरचा मुलूख नुसता सरकत जातो. एकट्याला पंक्चर काढणाऱ्याशी, चहावाल्याशी, बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नसते. नेवाडात तासभर माणूस दिसत नाही. येथे निर्जन म्हणून गाडी थांबवावी तो पाच मिनिटांत मेंढरांमागून कोणीतरी येऊन उभा राहतो, पाणी मागतो किंवा देतो, आणि आपण कोठले याची चौकशी करतो.

होसपेटला तुंगभद्रेचे धरण आहे. (हंपीविषयी या लेखात एक अक्षरही लिहीत नाही, तेथे निराळे जावे.) १९४५ मध्ये सुरू झालेले हे धरण १९५३ मध्ये पुरे झाले. १३३ अब्ज घनफूट पाणी मावेल असा आरंभीचा हिशेब होता. गाळ साचत जाऊन आता सुमारे १०५ अब्ज घनफूट मावते. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री, जलाशय भरलेला असताना, तेहतीस दरवाजांपैकी एकोणिसाव्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. कर्नाटक, आंध्र व तेलंगण या तीन राज्यांतील लाखो एकरांचे वर्षभराचे पाणी त्या एका भोकातून चालले होते. इतर दरवाजांवरचा दाब कमी व्हावा म्हणून तेही उघडावे लागले. तंत्रज्ञ व कामगारांनी वाहत्या पाण्यात लोखंडी अडसर एकावर एक उतरवून आठवड्याभरात ती वाट बुजविली. सत्तर वर्षे इमानाने काम करणारी साखळी आपण रोज पाहत नाही. ती तुटल्यावर पाहतो.

मुनिराबादेस नदी ओलांडून कुष्टगीमार्गे इलकल येते. हेच आपले इरकल! ज्या इरकली लुगड्याचा पदर आजीच्या खांद्यावर पाहिला, त्याचे माग येथे खडखडतात. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे वेगवेगळे घेऊन फासे घालून जोडावयाची येथील रीत निराळीच आहे. लाल पदरावरचे पांढरे पट्टे तिच्यामुळेच खुलतात. लुगडे घ्यावयाचे असल्यास मागावरचेच घ्यावे. किंमत दुकानाएवढीच पडते, पण विणणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात.

पुढे कृष्णा. पुलापासून थोड्याच अंतरावर अलमट्टीचे धरण आहे. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते कोनशिला बसली, आणि जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे. त्याच्या पाण्याखाली जुन्या बागलकोटाचा मोठा भाग गेला. वर सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला की या धरणाचे नाव तावातावाने घेतले जाते. हा वाद दोन ओळींत मिटणारा नाही आणि मी तो येथे उकरूही इच्छीत नाही. पुलावर मात्र गाडी बाजूला घेऊन नदी पाहावी. नदीपलीकडे जमीन पालटते. तांबडी माती मागे राहते आणि काळी, भेगाळलेली, ज्वारीची माती सुरू होते. ग्रॅनाइट संपतो आणि आपला बेसॉल्ट लागतो. मैलाच्या दगडावर अजून कन्नड अक्षरे असतात, पण पायाखालची भुई मराठी वाटू लागते.

दुसरा मुक्काम विजापूर. गोलघुमटाच्या प्रतिध्वनीसाठी सर्वच जातात. घुमटाचा बाहेरील व्यास ४४ मीटर, आत एकही खांब नाही. आपण मात्र खाली थडग्याशी थोडे थांबावे. येथे निजलेल्या महंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६३८ मध्ये, विजापुरी सैन्याने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. काही काळ बालशिवाजी व जिजाबाईही तेथे राहिल्या. आपण तीन दिवसांत जी वाट मोटारीने आलो, तिच्याच दोन टोकांना जोडणाऱ्या मुलखातून घोडी, पालख्या आणि बैलांच्या पाठीवरच्या पखाली गेल्या. १६८७ मध्ये मोगलांकडून ते बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने तीन लाख रुपयांना घेतले. एवढ्या पैशांत आज तेथे किती चौरस फूट मिळतील, याचा हिशेब बंगळूरकर वाचकांनी स्वतःच करावा.

विजापूरलाही मोठी नदी नाही, आणि तरीही तेथे राजधानी नांदली. गावाच्या पश्चिमेस तोरवीकडून जमिनीखालून बोगदे खोदून पाणी शहरात आणले होते. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे, खाली उजेड न पाहता वाहणारे पाणी. उन्हाने आटण्याची भीती नाही. इराणात ही विद्या जुनी. शहरातील ताजबावडी १६२० ची. मध्यंतरी या बावड्यांत कचरा टाकला जाई. अलीकडे त्यांपैकी कित्येकींतील गाळ उपसण्यात आला, आणि त्यांना पुन्हा पाणी लागले.

तिसऱ्या दिवशी झळकी मागे टाकली की धूळखेडला भीमा लागते आणि पलीकडे टाकळी. हीच भीमा वर पंढरपुरात चंद्रभागा होते. पुलाअलीकडच्या खाणावळीत जोंधळ्याची ‘रोट्टी’ मिळते, पलीकडच्या खाणावळीत भाकरी. शेंगाचटणी दोन्हीकडे तीच, आणि तिखटही तितकेच. सोलापूर येथून तासाभराच्या आत येते. गाडी धुण्याची घाई करू नये. चाकांच्या वरच्या खोबणीत तांबडी धूळ खाली आणि काळी वर, असे दोन थर बसलेले असतात. मुलांना दाखवावयास ते बरे पडतात.